गुंडूअण्णांची फिरती मांडणी

“बंद करा! सगळ्यांनी एंजिन बंद करा! ऑफ माडी, ऑफ माडी!”

जयनगरच्या भर चौकात, सिग्नल हिरवा झालेला असताना, गुंडूअण्णा रस्त्याच्या मधोमध उभे राहून ओरडत होते. अर्ध्या बाह्यांचा सदरा, कमरेला खोचलेला पाना आणि दोन्ही हात असे वर केलेले, की बघणाऱ्याला वाटावं हा गृहस्थ आकाशातून उतरणाऱ्या विमानाला जागा करून देतोय. मागे रिक्षा, स्कूटरी, एक सिटी बस आणि बसच्या मागे, माझ्या अंदाजानं, थेट होसूरपर्यंत गेलेली रांग. सगळी रांग हॉर्न वाजवत होती. अण्णांचं म्हणणं एवढंच, की हॉर्न तर सोडाच, एंजिनंसुद्धा थांबवा. त्यांच्या व्हॅनच्या पोटातून ‘टक्’ असा आवाज आला होता, आणि तो नेमका कुठून आला ते त्यांना ऐकायचं होतं.

मी त्या व्हॅनच्या मागच्या कोपऱ्यात उकिडवा बसून, एका लोखंडी पट्टीला कान लावून होतो. तिथं मला कुणी आणि का बसवलं ते पुढे येईल. एवढ्यात ट्रॅफिकचा हवालदार शिट्टी फुंकत धावत आला. आता अण्णांची वरात ठाण्यात, असं मी मनाशी ठरवून टाकलं. पण अण्णांनी हवालदाराचा हात धरला, त्याला व्हॅनच्या मागे आणलं, वाकवलं आणि कन्नडमध्ये हळूच विनवलं, की साहेब, तुमचे कान तरुण आहेत, स्वल्प ऐकून सांगा. हवालदारानं टोपी काढली, कान लावला, कपाळाला आठ्या घातल्या. मग तो उठला आणि बसच्या ड्रायव्हरवर खेकसला, की एंजिन बंद कर, आवाज ऐकू येत नाहीये.

खोटं वाटेल, पण त्या चौकात अशी शांतता पसरली की पलीकडच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्यानं खायच्या हॉटेलात, वाटीत सांबार ओतल्याचा आवाज मला ऐकू आला. अण्णांनी गाडी हलवली. उजवीकडे, डावीकडे. काही नाही. पुन्हा हलवली. टक् काही येईना. शेवटी हवालदार टोपी घालत गंभीरपणे म्हणाला, आवाज लाजाळू आहे, लोकांसमोर येत नाही. अण्णांना ते पटलं. ते गाडीत बसले, आणि होसूरची वाहतूक सुरळीत झाली.

गुंडूअण्णा मांगूरकर माझे घरमालक. मूळचे निपाणीकडचे. तरुणपणी बंगळूरला आले, एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये लागले आणि तिथूनच रिटायर झाले. घरात मराठी, अंगणात कन्नड, भंगारवाल्याशी दखनी आणि वस्तूंशी कुठली भाषा ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण वस्तूंशी ते बोलत एवढं नक्की. मी पुण्याहून नव्यानं आलेला, इलेक्ट्रॉनिक सिटीत कॉम्प्युटरपुढे बसणारा. जे. पी. नगरातली त्यांची वरची खोली भाड्यानं मागायला गेलो, तेव्हा पगार, लग्न, अंडं खाता का, अशा सगळ्या प्रश्नांची तयारी करून गेलो होतो. अण्णांनी एकच विचारलं.

“ट्रंक कुठं ठेवणार ओ?”

कुठंही ठेवीन, असं मी म्हणालो. त्यांचा चेहरा असा पडला, जणू मी सख्ख्या आईबद्दल ‘ठेवीन कुठंही’ म्हणालो होतो. खोली गेलीच होती. पण आतून त्यांच्या बायकोचा, इंदूअक्कांचा, आवाज आला, “पलंगाखाली ठेवतील,” आणि माझं बंगळुरातलं आयुष्य मार्गी लागलं.

“जागा दिली की वस्तू शहाणी होते,” हे अण्णांचं वचन. “हलतं ते मोडतं,” हे दुसरं. या दोन खांबांवर त्यांचं घर उभं होतं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर प्रत्येक झाऱ्याची, उलथन्याची, चिमट्याची बाह्याकृती हिरव्या ऑइलपेंटनं काढलेली होती, आणि त्या आकृतीवर ती वस्तू टांगलेली असे. किसणी जागेवर नसली की भिंतीवर तिचं हिरवं भूत दिसे. छत्रीला न्हाणीघराबाहेर स्वतःची खुंटी आणि खुंटीखाली थेंब पडायला स्वतःची वाटी होती. पाहुण्यांच्या चपलांसाठी दारात चौकटी आखलेल्या होत्या. एकदा माझा एक नागपूरचा मित्र आला, पायानं अंमळ थोर. त्याची चप्पल चौकटीत मावेना, तर अण्णांनी त्याला गप्पांत गुंतवून मागच्या मागे खडूनं चौकट वाढवून दिली. “पाहुण्याला लाज वाटू नये,” म्हणाले.

त्यांच्या गाठींबद्दल तर मी वेगळा ग्रंथ लिहीन. अण्णांनी बांधलेलं गाठोडं सोडायला अण्णाच लागत. एकदा त्यांनी गॅसचा सिलिंडर स्कूटरवर असा बांधून आणला, की नंतर पंधरवडाभर ते स्कूटरवरून सिलिंडरसकट भाजीला जात होते. अक्का तोवर स्टोव्हवर स्वयंपाक करत होत्या, आणि काही बोलत नव्हत्या.

इंदूअक्का बोलत नसत, हे सांगायचं राहिलं. अण्णा बोलत ते पुरासारखं, दोन्ही काठ बुडवून. अक्का बोलत ते सहाणेवरच्या गंधासारखं. पुष्कळ वेळ काही नाही, मग बोटभर. मी वर्ष-दीड वर्ष त्यांच्या हातचं जेवलो असेन, पण माझ्याशी त्या जे बोलल्या ते सगळं एका पोस्टकार्डावर मावून वर पत्त्याला जागा उरली असती. त्यांचं सगळं बोलणं हातात होतं. करंजीची मुरड अशी घालत की ती उलगडावी की खावी, असा प्रश्न पडे.

तर या दोघांची एकुलती एक मुलगी सुनीता. तिचं लग्न ठरलं ते म्हैसूरकडच्या एका कन्नड मुलाशी, तिच्याच बँकेतला. मुलगा चांगला, माणसं चांगली. मुलाची आत्या तेवढी जरा करारी. सरोजम्मा तिचं नाव. बोलणी करायला आली, तेव्हा तिनं आपणहून चप्पल चौकटीत ठेवली. अण्णांनी तिथंच लग्न पक्कं समजलं. देणंघेणं नाही, मानपान नाही, मुलाकडच्यांची एकही अट नाही. अट घातली ती अक्कांनी, आणि तीही नवऱ्याला.

“माझं रुखवत अख्खं पोचलं पाहिजे.”

अण्णा एरवी अशा वाक्यावर तासभर बोलले असते. त्या दिवशी नुसती मान हलवून अंगणात निघून गेले. मला नवल वाटलं. मग त्यांनीच एकदा व्हॅनचं बॉनेट पुसता पुसता सांगितलं. अक्कांच्या स्वतःच्या लग्नात त्यांचं रुखवत गडहिंग्लजहून निपाणीला आलं होतं, ते तंबाखूच्या ट्रकच्या हौद्यातून. आठ महिने खपून केलेलं: साखरेचं तुळशीवृंदावन, शेवयांची विहीर, सुपारीचे भटजी. निपाणीला पोचलं तेव्हा त्याचा सगळा मिळून एक ढीग झाला होता, आणि त्या ढिगाला तंबाखूचा वास येत होता. सासूनं तो चादरीवर ओतला आणि वऱ्हाडाला विचारलं, ओळखा बघू यातलं काय काय आहे.

“आणि मी हसलो ओ,” अण्णा म्हणाले. “नवरदेव, मुंडावळ्या बांधलेला, खो खो हसलो. हिनं मान वर करून एकदा बघितलं. बस. पुढं कधी बोलली नाही त्यावर.”

बॉनेट पुसून पुसून त्याला आरशासारखी चकाकी आली होती. “ते हसू अजून गिळतोय,” असं म्हणून ते पान्याला जागा शोधायला गेले.

आता अक्कांनी या खेपेला केलेलं रुखवत ऐका. शेवयांची विहीर होती, चकलीच्या चाकांची बैलगाडी होती, पापडांचा मनोरा होता, सगळं होतं. पण मधोमध होता विधानसौध. होय, बंगळूरचा विधानसौध, आमदार बसतात ती इमारत. जावई कन्नड, म्हणून. खांब कडबोळ्याच्या पिठाचे, तळून सरळ ठेवलेले. पायऱ्या चिक्कीच्या. भिंती बत्ताशांच्या, पाकानं सांधलेल्या, आणि घुमट म्हणजे गोटा खोबऱ्याची पालथी वाटी, तासून आरपार दिसेल इतकी पातळ केलेली. पायऱ्यांवर सुपारीची माणसं फेटे बांधून उभी. मी मूळ इमारत रोज बसमधून बघत होतो, आणि शपथेवर सांगतो, अक्कांची जास्त सरळ होती. ही इमारत पाकानं ताटाला चिकटवलेली. ताट हललं तर हलायची, आदळलं तर पुन्हा एक ढीग.

आणि मंगल कार्यालय होतं मल्लेश्वरमला. जे. पी. नगर ते मल्लेश्वरम, म्हणजे बंगळुराच्या शेंडीपासून नखापर्यंत. मधे गाड्या अडवायचे उंचवटे, म्हणजे हम्प, किती म्हणाल? त्या काळी बंगळुरात आधी हम्प घालत आणि मग उरलेल्या जागेत रस्ता करत.

अण्णांनी पण केला, की व्हॅनच्या मागच्या भागात अशी मांडणी बसवायची, की बंगळूर हललं तरी विधानसौध हलू नये.

दुसऱ्या दिवशी आम्ही शिवाजीनगरला. तिथल्या गल्ल्यांत भंगाराची अशी दुकानं होती, की जुनं काहीही मागा, काढून देत. मी एकानं तोफेचं चाक मागितलेलं ऐकलंय आणि दुकानदारानं ‘पुढचं की मागचं?’ विचारलेलं ऐकलंय. अण्णांनी भोकाभोकांच्या लोखंडी पट्ट्या घेतल्या, दवाखान्याच्या कपाटातले पत्र्याचे खण घेतले आणि मोडीत काढलेल्या बसच्या सीटखालच्या स्प्रिंगा मागितल्या. स्प्रिंग पारखायची त्यांची रीत अशी: चार स्प्रिंगा मांडायच्या, वर फळी टाकायची, फळीवर दुकानदाराचा भरलेला चहाचा ग्लास ठेवायचा आणि दुकानदाराला शेजारी उडी मारायला सांगायचं. दुकानदार म्हणजे चांगला दोन पोत्यांचा ऐवज. त्यानं उडी मारली. शेजारच्या दुकानातलं घड्याळ पडलं, चहाचा थेंब सांडला नाही. “अण्णा, तुम कौनसा बम ले जा रहे?” त्यानं विचारलं. “बीवी का रुखवत,” अण्णा म्हणाले. त्याला काय समजलं कोण जाणे, पण त्यानं छातीवर हात ठेवला आणि स्प्रिंगा स्वतः गाडीत आणून ठेवल्या.

मग पुढचे काही आठवडे घरात सुट्टीच्या दिवशी झोप नावाची गोष्ट उरली नाही. मागची सीट निघाली. गाडीच्या तळाशी स्प्रिंगा बसल्या, स्प्रिंगांवर पट्ट्यांचा सांगाडा, सांगाड्यात ड्रॉवरसारखे सरकवायचे खण. प्रत्येक खणाची उंची त्यातल्या वस्तूच्या डोक्यावर दोन बोटं, त्याहून जास्त नाही. “जास्त जागा दिली की वस्तू माजते,” हे तिसरं वचन त्या वेळी निघालं. खणाचा तळ सायकलच्या ट्यूबनं मढवलेला. सगळं मोजमाप विती-बोटांनी. टेपला ते मानत नसत. टेप लोंबते, वीत लोंबत नाही.

चाचण्या सुरू झाल्या. आधी काठोकाठ ताकाचं पातेलं घेऊन कॉलनीला फेरी. ताक जसंच्या तसं परत. मग शेजारची उसनी अंडी. मग समोरच्या नरसम्मा अज्जी स्वतःहून आल्या. त्यांना कंबरदुखीनं बसमध्ये बसवेना आणि बसवनगुडीच्या देवळात जायचं होतं. अण्णांनी वरचे खण काढले, खालच्यावर गादी घातली आणि अज्जींना आडवं करून आत सरकवलं. देवळापाशी पोचलो तर अज्जी गाढ झोपलेल्या. उठवलं तर रागावल्या. म्हणाल्या, देव कुठं पळून जात नाही, आणखी एक फेरी मार. पुढच्या आठवड्यात अण्णांच्या फाटकाशी कॉलनीतल्या चार म्हाताऱ्या उशी काखेत मारून उभ्या. अण्णांनी त्यांनाही हिंडवलं. मांडणीवर वजन पाहिजेच होतं.

फक्त एक भानगड होती. टक्. केव्हातरी, कुठंतरी, एखाद्या हम्पनंतर सांगाड्यातून बारीक ‘टक्’ यायचं. खण आणि पट्टी यांच्यामध्ये नखाएवढी फट, तिथं काहीतरी वाजत होतं. कुठल्या खणाला, ते सापडेना. म्हणून मला मागे बसवलेलं, म्हणून तो चौक. अण्णांची भूक गेली. अक्का भाकरी वाढत, ते भाकरीला कान लावत.

लग्नाचा दिवस उजाडला. सुनीता आदल्या संध्याकाळीच मावशीबरोबर कार्यालयात गेली होती. अक्का मात्र रुखवताला सोडून जायला तयार नव्हत्या. सकाळी एकेक ताट खणात ठेवलं, खण सरकवले. विधानसौध मधल्या खणात असा बसला, जणू सरकारनंच जागा मंजूर केली होती. अण्णांनी गाडीला हलका झोका दिला.

टक्.

  अण्णांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं, की मी दोन पावलं मागे सरकलो. ते घरात गेले आणि येताना मूठभर लाकडी पाचरी आणि पाण्याची लोटी घेऊन आले. त्यांच्या गावाकडे वडार लोक दगड कसे फोडतात, ते त्यांनी मला काम करता करता सांगितलं. दगडाला भोकं पाडायची, त्यात कोरड्या पाचरी बसवायच्या आणि वर पाणी ओतायचं. लाकूड फुगतं. आवाज नाही, घाव नाही, आणि हत्तीएवढा दगड दुभंगतो. इथं दगड फोडायचा नव्हता, फट बुजवायची होती. त्यांनी प्रत्येक खणाच्या चारी बाजूंना कोरड्या पाचरी हातानं खोचल्या आणि लोटीतून थेंब थेंब पाणी सोडलं. चहा होईतो पाचरी फुगल्या. अण्णांनी गाडीला झोका दिला, मग धक्का दिला, मग खांदा लावून गदगदा हलवली. मुंगीच्या पावलाएवढाही आवाज नाही.

“आता देव आला तरी हलवू शकत नाही,” अण्णा म्हणाले. हे वाक्य मी तेव्हा कौतुकानं ऐकलं.

मग ती यात्रा. अण्णा चालवत होते, शेजारी अक्का मांडीवर हात ठेवून ताठ, मागे मी. प्रत्येक हम्पपाशी अण्णा थांबत, हम्पला नमस्कार करत आणि एकेक चाक असं चढवत, जणू म्हाताऱ्या आजोबांना पायरी चढवताहेत. वाटेत आम्हाला सायकली मागे टाकून गेल्या, एक गाभण म्हैस मागे टाकून गेली. एक भाजीवाला हातगाडीसकट पुढे गेला आणि त्यानं मागे वळून मेथी हवी का म्हणून विचारलं. मी म्हणतो, मल्लेश्वरम येईतो माझी दाढी वाढली. पण पोचलो. मागचं दार वर उचललं. सगळं अख्खं. सुपारीच्या एका माणसाचा फेटासुद्धा ढळला नव्हता. अण्णांनी अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी विधानसौधाकडे पाहिलं आणि हळूच श्वास सोडला. बहुधा गडहिंग्लजपासून धरलेला असावा.

मग अण्णांनी मधला खण ओढला.

खण आला नाही. त्यांनी पुन्हा ओढला. मी ओढला. बाजूचा ओढला, खालचा ओढला. एकही खण तसूभर हलेना. पाचरी फुगून पट्टीत अशा घट्ट बसल्या होत्या, की सांगाडा, खण आणि रुखवत मिळून एकच पाषाण झाला होता. वस्तू वरून उचलाव्यात तर डोक्यावर दोनच बोटं जागा. पाचर काढायची तर हातोडा हवा, आणि पहिल्याच घावाला विधानसौध बरखास्त. पाचरी आपोआप सुकायला दोन-तीन दिवस. मुहूर्त तासाभरावर.

ताकापासून अज्जींपर्यंत सगळं हिंडवून झालं होतं. या दिवसाची पाचर तेवढी चाचणीत नव्हती.

  कमरेचा पाना अण्णांनी काढला, पाहिला, परत खोचला. रुखवत दहा पावलांवर आलं होतं, अख्खं होतं, आणि कुणाला दिसणार नव्हतं. अख्खं पोचलं पाहिजे म्हणजे माणसांसमोर मांडलं गेलं पाहिजे, हे काय सांगावं लागतं? ते अक्कांकडे बघू शकत नव्हते.

अक्कांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा कार्यालयाच्या दाराकडे. केळीचे खुंट बांधलेलं रुंद दार, पुढे उतरता पोर्च.

“गाडी उलटी घ्या,” त्या म्हणाल्या.

अण्णांनी घेतली. दोन्ही बाजूचे आरसे मिटून, व्हॅन शेपटीकडून मांडवात शिरली. आता नादस्वरवाले बिचारे दाराकडे पाठ करून बसलेले. फाटकातून काहीतरी मोठं आत येतंय एवढं त्यांना जाणवलं, नवरदेवच म्हणून त्यांनी जे वाजवायला सुरुवात केली ती पार टिपेला. डोलू बडवणाऱ्यानं तर हात दिसेनासे केले. ते ऐकून आतून मुली आरतीची तबकं घेऊन धावत आल्या आणि पुढे काय आहे हे बघायच्या आत व्हॅनच्या मागच्या दिव्यांना ओवाळून मोकळ्या झाल्या. नवरदेव फाटकाबाहेर उभा राहून हे सगळं पाहत होता. गुणी मुलगा, काही म्हणाला नाही.

व्हॅनचं मागचं दार वर गेलं. सकाळचं ऊन तिरपं आत येत होतं, ते थेट खोबऱ्याच्या घुमटातून गेलं आणि विधानसौध आतून उजळला.

पहिली पुढे आली ती सरोजम्मा. वाकली. चष्मा वर केला, खाली केला. बैलगाडीचं चाक कशाचं, म्हणून विचारलं. आणि अक्का बोलायला लागल्या. चकलीचं, म्हणाल्या, आणि चकली सरळ राहावी म्हणून भाजणीत काय घातलं ते सांगितलं. मग विहीर. मग खांब कसे तळले, किती वाकडे निघाले, घुमट तासताना पहिल्या वाट्या कशा फुटल्या. सुंदर घडीव कन्नडमध्ये, पदर खोचून, हात नाचवत. बायकांची रांग पोर्चमधून रस्त्यावर गेली, आणि अक्का प्रत्येकीला पहिल्यापासून सांगत होत्या. माझं ते पोस्टकार्ड पहिल्या पाच मिनिटांत भरून गेलं.

आणि अण्णा? अण्णा ड्रायव्हरच्या सीटवर. पोर्च उतरता, आणि हँडब्रेकवर त्यांचा विश्वास नव्हता. मी चाकाखाली दगड लावतो म्हणालो, तर म्हणाले, दगड हलतो. ते ब्रेकवर पाय दाबून बसून होते. त्यांना रुखवत दिसत नव्हतं, गर्दी दिसत नव्हती. त्यांनी उजव्या बाजूचा मिटलेला आरसा हळूच स्वल्प उघडला, आणि त्या काचेतून ते बायकोला बोलताना बघत होते. मी काहीतरी विचारलं, तर ओठावर बोट ठेवलं. जयनगरच्या चौकात ज्यानं होसूरपर्यंतची एंजिनं बंद करायला लावली, तो माणूस इतका गप्प बसलेला मी पुन्हा पाहिला नाही.

शेवटी आतून भटजींनी हाक मारली, की कन्यादान आहे, वधूपिता कुठं आहे. आता ब्रेकवरून पाय काढायचा कसा? मी त्यांच्या मांडीपाशी शिरून माझा पाय त्यांच्या पायाखाली सरकवला, आणि ते इंचाइंचानं सुटले. सुनीताचं अख्खं लग्न मी ब्रेकवर पाय ठेवून ऐकलं. अक्षता पडल्या तेव्हा वऱ्हाडातल्या कुणी दोन-चार दाणे खिडकीतून माझ्यावरही टाकले.

पाचरी सुकून गळाल्या त्या तिसऱ्या दिवशी, आपोआप. खण लोण्यासारखे निघाले. विधानसौध सुनीताच्या घरी काचेच्या कपाटात राहायला गेला आणि मुंग्यांनी बहुमतानं ताब्यात घेईपर्यंत तिथं उभा होता. सरोजम्माच्या माहेरी पुढच्या लग्नात मुलीकडचं सगळं सामान मेटाडोर उलटी घालून दाखवलं, म्हणे. मी विचारायला गेलो नाही. अशा गोष्टी तपासू नयेत.

त्यानंतर काही महिन्यांनी माझी बदली पुण्याला झाली. निघायच्या सकाळी ट्रंक रिक्षात चढवून निरोप घ्यायला खाली आलो. व्हॅन फाटकात उभी, मागचं दार वर, आणि अण्णा कमरेपर्यंत आत. बाहेर नुसते पाय. आत ठोकाठोक चालू होती, आणि पान्याला काहीतरी समजावून सांगण्याचा आवाज येत होता. मी हाक मारली, तर एक पाय हलला. तोच निरोप समजायचा. अक्का पायरीवर तांदूळ निवडत होत्या. मी विचारलं, आता आणि काय बसवतायत?

“पाळणा,” अक्का म्हणाल्या. “डुलला पाहिजे, पण हम्पला नाही.”

मी ट्रंक, रिक्षा, पुणं, सगळं विसरून आनंदानं ओरडलो, की अक्का, ही तर केवढी गोड बातमी, आणि मला कुणी सांगितलं नाही! सुनीताला कितवा?

अक्कांनी एक खडा वेचून बाजूला टाकला.

“अजून काही नाही.”